‘श्वाबे’ : एका नांवाची कुळकथा

जर्मन लोकांच्या देशास जितकीं नांवें आहेत तितकीं युरोपखंडांतील दुसऱ्या देशास क्वचितच असतील. ते स्वतः आपल्या देशास डॉइचलांड म्हणतात. इंग्रज त्यास जर्मनी म्हणतात, आणि इंग्रजी शाळांतून शिकल्यामुळें आपणही तेंच म्हणूं लागलों. फ्रेंचांच्या तोंडीं तो आलमान्य, पोर्तुगीजांच्या तोंडीं आलेमान्या, फिनलंडांत साक्सा. आणि सर्बियांतील एखादा म्हातारा रागाच्या भरांत बोलूं लागला म्हणजे प्रत्येक जर्मन मनुष्य त्याच्या लेखीं ‘श्वाबा’ ठरतो. यांतील मौज अशी कीं, डॉइचलांड व जर्मनी हीं दोन सोडलीं तर उरलेलीं नांवें मुळांत सबंध राष्ट्राचीं नव्हेतच. तीं एकेका शाखेचीं आहेत. ज्या शेजाऱ्याची गांठ ज्या शाखेशीं प्रथम पडली, त्यानें तिचेंच नांव सगळ्यांस चिकटविलें. बंगालप्रांतीं मराठ्यांस ‘बर्गी’ म्हणत तें याच न्यायानें. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या तिकडे होऊं लागल्या. धन्याच्या घोड्यावर बसणारा साधा शिपाई तो बारगीर. पण बंगाली आयांनीं पोरें निजवितांना जो बागुलबुवा दाखविला, तो मात्र अवघा मराठा मुलूख!

आज ज्या नांवाची कुळकथा सांगावयाची तें ‘श्वाबे’ हें होय. जर्मनीच्या नैर्ऋत्येस नेकर नदीचें खोरें, डॅन्यूबचा उगमाकडील प्रदेश आणि त्या दोहोंमधील चुनखडीचें उंच पठार, एवढ्या मुलुखांत राहणारा व तिकडची बोली बोलणारा तो श्वाबे. मुलुखाचें नांव श्वाबेन. स्टुटगार्ट, ट्यूबिंगेन, उल्म हीं त्यांतील शहरें. ज्योतिर्विद केप्लर या मातींतला, कवि शिलर व तत्त्ववेत्ता हेगेल हेही तिचेच पुत्र, आणि आइन्स्टाइनचा जन्म १८७९ सालीं उल्म येथें झाला. इतकें असून श्वाबेन नांवाचें राज्य आज नकाशावर नाहीं. स्टुटगार्ट ज्या घटकराज्याची राजधानी आहे त्याचें नांव बाडेन-व्युर्टेंबर्ग. आणि सरकारी दफ्तरांत ज्या एका विभागास ‘श्वाबेन’ म्हणतात तो शेजारच्या बव्हेरियांत मोडतो. घर एका आळींत आणि घराची पाटी दुसऱ्या आळींत, असा हा प्रकार आहे.

आतां शब्दाकडे वळूं. ज्युलिअस सीझरच्या ग्रंथांत हे लोक ‘स्वेबी’ म्हणून भेटतात. लॅटिन लेखकांनीं टिपलेला हा उच्चार जुना आहे. पुढें त्या भाषांत दीर्घ ए-काराचा आ झाला, त्यामुळें ‘स्वेब’चें ‘स्वाब’ झालें. आणि मध्ययुगाच्या अखेरीस जर्मन भाषेंत व-काराच्या अलीकडील स-काराचा श होऊं लागला, म्हणून ‘श्वाब’. हा शेवटचा फेरफार या एकाच शब्दांत झाला असें नाहीं. संस्कृतांत बहिणीस स्वसृ म्हणतात, जर्मन भाषेंत ती श्वेस्टर. आपला स्वेद, त्यांचा श्वाइस. सासूची कथा तर याहून मनोरंजक आहे. संस्कृतांत सासू श्वश्रू. जर्मन भाषेंत तिला श्वीगर म्हणत, व आजही ‘श्वीगर’ या पदास ‘माता’ जोडून तिचा निर्देश होतो. दोन्हींकडे आरंभीं ‘श्व’ पाहून कोणीही म्हणेल कीं, मूळ उच्चारच हा असला पाहिजे. परंतु तसें नाहीं. मुळांत दोन्हींकडे आरंभीं ‘स्व’ होतें. संस्कृतांत पुढल्या श-काराच्या संगतीनें पहिला स बदलला, आणि जर्मन भाषेंत व-काराच्या शेजारानें बदलला. दोघी सासवा दोन निरनिराळ्या वाटांनीं एकाच उंबरठ्यावर येऊन उभ्या राहिल्या आहेत.

यांपैकीं बहीण व सासू या नात्यांच्या शब्दांतील पहिलें अक्षर ‘स्व’ म्हणजे बहुधा आपलें तेंच ‘स्व’, स्वतः, स्वयं, स्वजन यांतलें. लॅटिन भाषेंतही त्याचें भावंड आहे. श्वाबे या नांवांतही तेंच सर्वनाम दडलें आहे, असें बहुतेक भाषापंडित मानतात. त्यास जो ब-कार जोडलेला दिसतो तो मूळचा भ. कारण जेथें संस्कृतांत भ असतो तेथें जर्मन शाखेंत ब येतो. भ्रातृ व ब्रूडर ही जोडी वाचकांच्या ओळखीची आहेच. तेव्हां ‘स्व’ अधिक ‘भ’ मिळून झालेला हा शब्द स्वकीय, आपल्या जमावांतला, असा अर्थ सांगतो. जर्मन भाषेंत भावकीस, सगोत्र मंडळीस ‘सिप्पे’ म्हणतात. तो याच कुळांतला. इंग्रजी ‘गॉसिप’ शब्दाचा उत्तरार्ध म्हणजे हीच सिप्पे. त्या शब्दाचा मूळ अर्थ देवासमक्ष मानलेला नातलग असा होता. अशा नातलगांच्या गप्पा कोणत्या थरास जातात हें ठाऊक असल्यामुळें शब्दाचा पुढील प्रवास सांगावयास नकोच.

आणि संस्कृतांत? संस्कृतांत या सिप्पेची सख्खी बहीण म्हणून दाखविला जाणारा शब्द आहे ‘सभा’. येथें भ शाबूत आहे, मात्र व नाहीं. पण त्या आदिम सर्वनामाचीं ‘स्वे’ व ‘से’ अशीं दोन्ही रूपें प्रचलित होतीं, त्यामुळें व नसणें ही अडचण होत नाहीं. जेथें सर्वजण मिळून शोभतात ती सभा, अशी फोड आपलीकडे जुन्या टीकाकारांनीं केलेली आहे. ती सुंदर आहे. परंतु भावकी जेथें जमते ती सभा, हा अर्थ मला अधिक घरगुती आणि म्हणून अधिक संभवनीय वाटतो. ऋग्वेदांतील सभेंत लोक जमत, बोलत, फांसेही टाकीत. तेथें शोभेपेक्षां भाऊबंदकीच अधिक असावी!

कांहीं जुन्या अभ्यासकांनीं हें नांव तरंगणें, हिंडतें राहणें अशा अर्थाच्या एका जर्मन क्रियापदाशीं जोडलें होतें, व भटक्या टोळ्यांस तें साजूनही दिसतें. पण कोणतीही जमात आपल्या भटकेपणावरून स्वतःस नांव ठेवून घेईल, त्यापेक्षां ‘आम्ही आमचे’ एवढेंच म्हणेल हें स्वाभाविक आहे. स्वीडन देशाचे लोक आणि रोमच्या शेजारचे प्राचीन साबाइन यांचींही नांवें याच सर्वनामापासून निघालीं असें मानतात. जो तो स्वतःपुरता ‘स्व’; बाकीचे परके.

हें वाचून कोणी आनंदानें म्हणेल, तर मग हे लोक आपले दूरचे आप्तच म्हणावयाचे! येथें सावध राहिलें पाहिजे. शब्दांचें नातें म्हणजे रक्ताचें नातें नव्हे. जर्मनींतच १९३३ ते १९४५ या काळांत भाषेवरून वंश व वंशावरून माणसाचा जीव घेण्याचा हक्क काढण्यांत आला. त्याचा परिणाम सर्वश्रुत आहे. शब्दांच्या नात्यांतून विद्येचें नातें निघतें, तेवढें खरें. आणि तें या श्वाबेनचें आपल्याशीं आहे. सेंट पीटर्सबर्ग येथें १८५५ ते १८७५ या काळांत सात खंडांत जो प्रचंड संस्कृत कोश निघाला, त्याच्या दोन कर्त्यांपैकीं रुडोल्फ रोट हा स्टुटगार्टचा व ट्यूबिंगेनच्या विद्यापीठांतला. त्याच व्युर्टेंबर्गमधील ओस्टडॉर्फ या खेड्यांत १८२७ सालीं जन्मलेला मार्टिन हौग १८५९ सालीं पुण्याच्या कॉलेजांत संस्कृताचा प्रमुख म्हणून आला. १८६३ सालीं त्यानें ऐतरेय ब्राह्मणाची संहिता व भाषांतर प्रसिद्ध केलें. पोथी वाचून यज्ञ कळत नाहीं हें ओळखून त्यानें एका श्रौती ब्राह्मणाचें मन वळविलें, आणि आपल्याच आवारांतील एकांत जागीं त्याच्याकडून विधि करवून ते डोळ्यांनीं पाहिले. ‘स्वकीय’ असें नांव मिरविणाऱ्या मुलुखांतला हा माणूस परक्यांच्या अग्नीजवळ टिपणें घेत बसला होता, हें चित्र मोठें हृद्य आहे.

पण हे स्वेबी मूळचे कोठले? आजच्या श्वाबेनमधले खास नव्हेत. रोमन इतिहासकार टॅसिटस यानें इ. स. ९८ च्या सुमारास लिहून ठेवलें आहे कीं, स्वेबी हें एका टोळीचें नांव नसून पुष्कळ टोळ्यांचें सामाइक नांव आहे. त्यांची वस्ती उत्तरेस, एल्ब नदीच्या आसपास पसरलेली होती. बाल्टिक समुद्रासही त्यानें स्वेबींचा समुद्र म्हटलें आहे. या लोकांची त्यानें सांगितलेली खूण तर आपणांस शिखेची आठवण करून देते. ते केंस एका बाजूस वळवून त्यांची गांठ बांधीत, आणि तिजवरून स्वतंत्र पुरुष कोणता व दास कोणता हें ओळखूं येई. टॅसिटसची ही गोष्ट ऐकीव असेल अशी शंका घेण्यास जागा होती. १९४८ सालीं उत्तर जर्मनींतील ओस्टरबी गांवानजीकच्या दलदलींत एक मस्तक सांपडलें. तें हरणाच्या कातड्यांत गुंडाळलेलें होतें, मांस झडून गेलें होतें, पण केंस टिकले होते. आणि उजव्या कानशिलावर ती गांठ जशीच्या तशी, सुतळीवांचून, केवळ केंसांच्या पिळानें बसलेली! जवळजवळ दोन हजार वर्षें ती सुटली नाहीं.

या टोळ्यांपैकीं कांहीं दक्षिणेस सरकल्या व तेथें नांव रुजलें. कांहीं तर फारच दूर गेल्या. इ. स. ४०९ मध्यें एक जमाव पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनच्या वायव्य कोपऱ्यांत उतरला, आणि ब्रागा या शहरीं राजधानी करून त्यानें ५८५ पर्यंत राज्य केलें. ब्रागा आज पोर्तुगालांत आहे. गोव्यांतील ज्या घरांत मागील पिढी पोर्तुगीज शाळेंत शिकली, तेथें ठाऊक असेल कीं, त्या भाषेंत सोमवारास चंद्राचें नांव नाहीं. तो नुसता ‘दुसरा दिवस’, मंगळवार ‘तिसरा’. ग्रहदेवतांचीं नांवें काढून वारांस आंकडे देण्याचें श्रेय बहुधा मार्टिन या ब्रागाच्या सहाव्या शतकांतील बिशपास देतात, व तो याच स्वेबी राजांच्या अमदानींतला. 

दक्षिणेस राहिलेल्यांस आणखी एक नांव चिकटलें, आलेमानी. ‘आल’ म्हणजे सगळे व ‘मान’ म्हणजे माणूस. निरनिराळ्या टोळ्यांतील सरमिसळ माणसें, असा अर्थ जुन्या ग्रीक लेखकांनींही दिला आहे. या ‘मान’चें आपल्या मनूशीं नातें आहे, टॅसिटसच्या ग्रंथांत जर्मनांच्या मूळ पुरुषाचें नांवच मान्नुस असें येतें. नवव्या शतकांत राइखेनाउ मठाचा अधिपति वालाफ्रिड स्ट्राबो यानें या दोन नांवांचा उलगडा थोडक्यांत केला: लोक एकच, लॅटिन बोलणारे शेजारी आम्हांस आलेमानी म्हणतात, आणि आमच्याकडील भाषा बोलणारे आम्हांस स्वेबी म्हणतात. म्हणजे एक नांव बाहेरचें व एक घरचें. त्या बाहेरच्या नांवापासून फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, तुर्की, अरबी या भाषांतील जर्मनीचीं नांवें निघालीं.

पुढें जें घडलें तें मात्र उलटेंच आहे. १२६८ सालीं श्वाबेनच्या राजघराण्यांतील शेवटचा कोवळा वारस कोन्राडिन याचा नेपल्स येथें शिरच्छेद झाला, आणि श्वाबेनचें संस्थान लयास गेलें. मागें जें नांव उरलें त्यास रक्षणकर्ता धनी उरला नाहीं. १४९९ मध्यें स्विस लोकांचें ‘श्वाबी संघा’शीं युद्ध झालें, आणि तेव्हांपासून, बोली एकाच गोताची असून, स्विस मनुष्य स्वतःस श्वाबे म्हणवीना; उलट उत्तरेकडील प्रत्येक जर्मनास तो तुच्छतेनें ‘श्वोब’ म्हणूं लागला. ऱ्हाइनकांठच्या बाडेनकरांनींही अंग काढून घेतलें. १८०३ सालीं योहान पीटर हेबेल यानें आपल्या बोलींतील कवितांस ‘आलेमानी’ म्हटलें, आणि जें नांव एके काळीं परक्यांनीं दिलेलें तें श्वाबे नसल्याचा पुरावा म्हणून छातीवर लावण्याची सोय झाली. बाडेन व व्युर्टेंबर्ग १९५२ सालीं एका राज्यांत आलीं, तींही बाडेनच्या बहुसंख्य मतदारांच्या मनाविरुद्ध. पुढें १९७० सालीं फिरून कौल घेतला तेव्हां बाडेनमधील शेंकडा ८१.९ लोकांनीं एकत्र राहण्यास संमति दिली. तरी बाडेनच्या मनुष्यास आजही चुकून श्वाबे म्हणून पाहावें!

श्वाबेविषयीं जर्मनांच्या मनांत कांहीं ठराविक चित्रें आहेत. तो चिकट, कामसू, टापटिपीचा. त्याच्या इमारतींत बिऱ्हाडकरूंनीं आठवड्याच्या पाळीनें जिना झाडावयाचा, आणि झाडला कीं नाहीं याकडे समोरच्या बिऱ्हाडाचें लक्ष. ज्यांनीं वाड्यांत दिवस काढले आहेत त्यांस अधिक सांगणें नलगे. श्वाबेस अक्कल चाळिसाव्या वर्षीं येते असें जर्मन म्हणतात, आणि त्या वयासच ‘श्वाबी वय’ असें नांव आहे. (आपलीकडे साठी बुद्धि नाठी, मधली वीस वर्षें तरी दोघांस सारखीं लाभावीं.) लघुत्वासाठीं ते शब्दास ‘ले’ लावतात, घर लहान असेल तर ‘हॉयस्ले’. आपलीं सोनुलें, तान्हुलें आठवतात, पण हें साम्य निव्वळ योगायोगाचें आहे. त्यांच्या कणकेच्या आवडत्या पदार्थाचें ‘श्पेट्सले’ हें नांवही याच प्रत्ययाचें. याच श्पेट्सलेवरून बर्लिन शहरीं तंटा माजला. तेथल्या एका जुन्या वस्तींत दक्षिणेकडील सधन कुटुंबें येऊन राहिलीं, भाडीं चढलीं, आणि भिंतींवर ‘श्वाबे चालते व्हा’ अशा अर्थाचीं अक्षरें उमटलीं. २०१२ च्या अखेरीस जर्मन लोकसभेचे उपाध्यक्ष वोल्फगांग टिअर्से यांनीं बेकरींत पावाच्या लादीस बर्लिनी नांव सोडून श्वाबी नांव ऐकावें लागतें अशी जाहीर तक्रार केली. पुढच्याच महिन्यांत त्या भागांतील शिल्पकर्त्री केटे कोल्विट्स हिच्या पुतळ्यावर कोणीं श्पेट्सले फेंकले. ती बिचारी जन्मानें बर्लिनचीही नव्हती, कोनिग्सबर्गची होती.

शेजाऱ्यांचा राग नांवावर निघतो याचें आणखी एक उदाहरण स्वयंपाकघरांतलें आहे. हंगेरियन भाषेंत झुरळास ‘श्वाबी किडा’ म्हणतात. रशियन लोक बारीक झुरळास ‘प्रशियन’ म्हणतात, आणि शास्त्रीय लॅटिनांत तेंच झुरळ ‘जर्मन’ होऊन बसलें आहे.

पण हंगेरींत हें नांव पोहोंचलें कसें? तुर्कांस मागें रेटल्यावर ओसाड पडलेला मुलूख वसविण्यासाठीं हाब्सबुर्ग बादशहांनीं अठराव्या शतकांत जर्मन शेतकऱ्यांस बोलाविलें. उल्मच्या धक्क्यावर लांकडी होड्यांत बसून, बायकामुलें व पेटारे घेऊन, ते डॅन्यूबच्या प्रवाहाबरोबर खालीं गेले. त्यांतील पुष्कळ जण श्वाबे नव्हतेच. ते लोरेनचे, ऱ्हाइनकांठचे, हेसचे होते. परंतु उल्महून आलेला तो श्वाबे, असा तिकडच्या लोकांनीं हिशेब केला, आणि दोनशें वर्षांत तेही तेंच म्हणूं लागले. ‘डॅन्यूब-श्वाबे’ हें जोडनांव तर १९२२ सालीं रोबर्ट सीगर या ग्रात्सच्या भूगोलपंडितानें घडविलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर या नांवाची किंमत चुकवावी लागली. त्यांच्यांतील कांहीं जण हिटलरच्या संघटनेंत व सैन्यांत गेले होते हें नाकारतां येत नाहीं. पण शिक्षा माणसें निवडून झाली नाहीं. १९४५ च्या डिसेंबरांत हंगेरीच्या सरकारनें हुकूम काढला कीं, १९४१ च्या खानेसुमारींत ज्यांनीं आपलें राष्ट्रीयत्व अथवा आपली मातृभाषा जर्मन लिहिली असेल त्यांनीं देश सोडावा. शिरगणती करणारा दारीं आला तेव्हां राष्ट्रीयत्व ‘हंगेरियन’ व मातृभाषा मात्र प्रामाणिकपणें ‘जर्मन’ असें सांगणारीं घरें हजारोंनीं होतीं. तींही त्या यादींत आलीं. १९ जानेवारी १९४६ रोजीं बुडापेस्टनजीकच्या बुडाओर्श गांवाहून पहिली आगगाडी सुटली. सुमारें पावणेदोन लाखांहून अधिक माणसें अशा रीतीनें घालविण्यांत आलीं. युगोस्लाव्हियांतल्यांची स्थिति याहून भयंकर झाली. तेथें छावण्यांतून हजारों मेलीं.

गाड्या जेथें रिकाम्या झाल्या त्यांत व्युर्टेंबर्गही होतें. म्हणजे दोनशें वर्षें परदेशीं ‘श्वाबे’ म्हणून ओळखलेलीं माणसें श्वाबेनमध्येंच परत आलीं. आणि तेथल्या श्वाबे लोकांस त्यांचे शब्द कळेनात, त्यांचें जेवण परकें वाटलें, युद्धानें मोडलेल्या घरांतील अर्धी खोली त्यांस देणें जिवावर आलें. १९५४ सालीं राज्यानें या लोकांचें पालकत्व समारंभपूर्वक पत्करलें. तोंपर्यंत आठ वर्षें लोटलीं होतीं.

रुमानियांतील बानाट प्रांतांत जे राहिले, त्यांच्यांत १९५३ सालीं हेर्टा म्युलर ही लेखिका जन्मली. तिचा बाप हिटलरच्या सशस्त्र पथकांत होता, आणि आई महायुद्धानंतर पांच वर्षें सोव्हिएत संघांतील मजुरीच्या छावणींत. १९८२ सालीं बुखारेस्ट येथें तिचें पहिलें पुस्तक निघालें. त्यांत ‘श्वाबी स्नान’ अशा नांवाची एक अगदीं लहान गोष्ट आहे. शनिवारची संध्याकाळ, एका टबांत पाणी काढलेलें. आधीं लहान मूल न्हातें, मग त्याच पाण्यांत आई, मग बाप, मग आजी, शेवटीं आजोबा. पाणी काळें होत जातें. गोष्ट प्रसिद्ध झाली तेव्हां रागावले ते रुमानियन नव्हेत, बानाटमधले श्वाबेच. घरांतलें तिनें चव्हाट्यावर मांडलें, असें त्यांस वाटलें. १९८७ सालीं ती देश सोडून बर्लिनला गेली. २००९ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें.